नाही म्हणणारा नावाडी

मागच्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. रायगड जिल्ह्यातील कोलाडला तो मित्रांबरोबर गेला होता. कुंडलिका नदीचे पांढरे फेसाळ पाणी, त्यात लाल रंगाची एका माणसाची चिंचोळी होडी, हातात दोन्ही बाजूंना पाते असलेले वल्हे, डोक्याला हेल्मेट. लाटेत होडी नाहीशी होते आणि पुन्हा वर येते. खाली त्याने लिहिले होते, "सर, याला कयाक म्हणतात. आता एक विकत घेणार. पंचगंगेला पूर आला की शिवाजी पुलापासून सोडायची. येणार का बघायला?"

मी लिहिले, "येणार नाही आणि तूही जाऊ नकोस."

त्याचे लगेच उत्तर आले, "का सर? पाणी तर पाणीच की."

शिक्षकाला 'का' विचारले की उत्तर द्यावे लागते. मोबाइलवर ते मावले नाही, म्हणून हा लेख. मी कळंब्याला राहतो. आमचा भाग उंचावर आहे. कात्यायनीच्या बाजूचे ओढ्यांचे पाणी अडवून संस्थानच्या काळात शहरासाठी बांधलेला कळंबा तलाव इथेच. पूर आम्हाला घरात भेटत नाही, तो बातम्यांत आणि नातेवाइकांच्या फोनवर भेटतो. मात्र २०१९ साली तो मला समोरासमोर भेटला. त्या दिवशी एका नावाड्याने मला दिलेले उत्तर मी अजून विसरलेलो नाही. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

कोल्हापुरात थांबलेला वजीर

आपल्या भागातील पावसाळी नद्यांनी भल्याभल्यांची परीक्षा घेतली आहे. त्यातील दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही एकाच किल्ल्याची आहेत, विशाळगडाची. तेव्हा त्याचे नाव खेळणा होते.

पहिले उदाहरण बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याचे. इराणमधील गिलानहून आलेला हा विद्वान मुत्सद्दी. बिदरचा त्याचा मदरसा आजही उभा आहे. कोकणपट्टी आणि खेळणा जिंकण्यासाठी तो १४७० च्या सुमारास आपल्या मुलखात आला. वेढा चालू असतानाच पावसाळा सुरू झाला. गावानकडे फौज होती, पैसा होता, मागे सुलतानाचा हुकूम होता. तरीही त्याने घाटवाटांवर पहारे ठेवले, फौज मागे घेतली आणि कोल्हापूरच्या परिसरात गवताच्या झोपड्या बांधून चार महिने काढले. इराणमध्ये वाढलेल्या माणसाने सह्याद्रीचा पाऊस ओळखला आणि त्याच्यापुढे मान तुकवली. पाऊस ओसरल्यावर तो पुन्हा निघाला. खेळणा घेतला आणि १४७२ मध्ये गोवाही घेतला.

दुसरे उदाहरण त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १७०२ सालचे. या वेळी खेळण्याला वेढा होता खुद्द बादशहा औरंगजेबाचा. जूनच्या सुरुवातीला वाटाघाटी होऊन किल्ला हाती आला. बादशहाने त्याचे नाव बदलून सखरलना ठेवले. आता फौजेला पन्हाळ्याकडे परतायचे होते. अंतर जेमतेम तीस मैल. गावान जिथे थांबला होता, तिथे औरंगजेब थांबला नाही. १० जूनला फौज निघाली आणि पन्हाळ्याला पोहोचायला तिला १७ जुलै उजाडला. तीस मैलांना अडतीस दिवस!

या वाटेवर शत्रूने गाठून मोठी लढाई दिली नव्हती. वाट अडवली ती ओढ्या-नाल्यांनी. गजापूरच्या बाजूने उगम पावणारी कासारी आणि तिला मिळणारे ओढे उन्हाळ्यात गुडघाभरही नसतात. जुलैत त्यांच्यात हत्ती टिकत नाही. सामान वाहून गेले, जनावरे मेली, माणसे मेली. धान्य इतके महागले की सरदारही चिखलात पायी चालू लागले. 'मआसिर-ए-आलमगिरी' हा साकी मुस्तैद खान याने लिहिलेला फारसी ग्रंथ औरंगजेबाच्या कारकिर्दीचा अधिकृत म्हणावा असा इतिहास आहे. दरबारी लेखकाने सहसा धन्याची फजिती लिहू नये. पण या परतीच्या वाटेची दैना इतकी मोठी होती की ती लपवता आली नाही.

गंमत म्हणजे हा धडा बादशहाला दोनच वर्षांपूर्वी मिळाला होता. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री माण नदीकाठी खवासपूरला छावणी असताना अचानक पूर आला. तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून मराठे आले असे वाटून बादशहा घाईने उठला, पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो कायमचा लंगडा झाला. माण ही वर्षातले बहुतेक महिने कोरडी असणारी नदी. जी नदी कोरडी पाहिली आहे तिची भीती वाटत नाही, तिथेच माणूस फसतो.

गावान आणि औरंगजेब यांच्यातील बाकीचे फरक सोडून द्या. पावसाळ्यापुरता फरक एवढाच की एकाने स्वतःच्या ताकदीला 'आता नाही' असे सांगितले आणि दुसऱ्याने सांगितले नाही.

दर्या आणि दरिया

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वर्गात एक शब्द दरवर्षी गोंधळ घालतो. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. उर्दूत दरिया म्हणजे नदी. मुले विचारतात, यातले खरे काय? मी सांगतो, ऑगस्टमध्ये नृसिंहवाडीला जाऊन उभे राहा. नदी कुठली आणि समुद्र कुठला, तुम्हीच सांगा.

पाण्यावरच्या माणसांचे शब्दही असेच इकडून तिकडे गेले आहेत. फारसीत नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. नाखुदा म्हणजे होडीचा धनी. कोकणात त्याचाच नाखवा झाला. या शब्दात एक जुना नियम दडलेला आहे. होडीत पाटील बसो, मौलवी बसो की मामलेदार, पाण्यावर धनी एकच, होडी चालवणारा. काठावर उतरेपर्यंत त्याचाच शब्द चालणार.

आमच्या भागात पूल कमी होते तेव्हा हा नियम रोजच्या जगण्याचा भाग होता. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येते. लोकश्रद्धेप्रमाणे पाचवी गुप्त सरस्वती धरून पंचगंगा होते. तिथून ती कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या सगळ्या वाटेवर गावोगावी नाव होती आणि नावाडी होता. बाजार, लग्न, मयत, बाळंतपण, सगळे त्याच्या हाती.

माझे आजोळ शिरोळ तालुक्यातले. लहानपणी आजोबांबरोबर नावेतून पलीकडे जायचो. आमच्या गावचा नावाडी कोळी समाजाचा. आजोबा वयाने मोठे, पण काठावर आले की तेच त्याला विचारायचे, "काय, आज सोडतोस का?" तो उत्तर द्यायच्या आधी घाटाकडे बघायचा. काल किती पायऱ्या उघड्या होत्या, आज किती. मग पाण्यावरून वाहत चाललेल्या काटक्यांकडे बघायचा. त्या धारेत किती वेगाने जातात, कडेला कुठे फिरून परत येतात. मग बोलायचा, "बसा," किंवा "उद्या." 'उद्या' म्हटल्यावर आजोबा मुकाट्याने मागे फिरायचे. चार आण्यांचे आठ आणे देतो असे मी त्यांना कधी म्हणताना ऐकले नाही.

मोठ्या पुरात जिथे नाव पुरत नसे तिथे काहील यायची. शहरातील वाचकांसाठी सांगतो. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळण्याची भली मोठी, पसरट, गोल कढई. ऊस आमचे पीक आणि गूळ आमचा धंदा. त्यामुळे गुऱ्हाळघर गावोगावी. पुरात तीच काहील उचलून पाण्यावर सोडायची. आत बायका, मुले, धान्याचे पोते. बाहेर पट्टीचे पोहणारे गडी कडा धरून तिला ढकलत न्यायचे. गोल असल्यामुळे तिला पुढचे टोक नाही. धारेत सापडली की ती भोवऱ्यासारखी गरगर फिरते. धातूची असल्यामुळे पाणी आत शिरले की सरळ तळाला जाते. म्हणून ती मुख्य धारेत घालायची नाही, शेतात आणि गल्लीत पसरलेल्या संथ पाण्यातच वापरायची, असा संकेत होता. वाळलेले भोपळे, रिकामे डबे, ओंडक्यांचा तराफा आणि नंतरच्या काळात ट्रकच्या टायरची ट्यूब, हा बाकीचा संसार.

जगाच्या दुसऱ्या टोकाला उत्तर ध्रुवाजवळच्या इन्यूट लोकांनी सीलच्या कातड्यापासून कयाक बनवली ती शिकारीसाठी, रोजच्या भाकरीसाठी. आमची काहीलही भाकरीच्याच भांड्यातून आलेली. दोन्हीकडे चालवणाऱ्याला आपल्या होडीची मर्यादा ठाऊक होती. कारण चुकले तर घरी कोणी परत जाणार नव्हते.

पूल आले, बंधारे आले

१८७० च्या दशकात कोल्हापुरात पंचगंगेवर दगडी पूल झाला. तोच आजचा जुना शिवाजी पूल. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. पुढे गावोगावी पूल होत गेले. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले, ते त्यांच्या पश्चात पूर्ण झाले. नदीत ठिकठिकाणी बंधारे आले. महाराष्ट्रभर ज्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो आमचाच. दगडी खांब, त्यांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचे, पावसाळ्याआधी काढून नदी मोकळी करायची. साधी, स्वस्त, शेतकऱ्याला समजणारी युक्ती. या बंधाऱ्यांनी आमचा ऊस जगवला आणि आम्हालाही.

यात कुणाचे चुकले असे मला म्हणायचे नाही. पुलामुळे बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोहोचू लागली. मुलींना पलीकडच्या हायस्कूलमध्ये जाता येऊ लागले. पण पूल आला की नाव काठावर चढते, तिचे लाकूड सडते आणि नावाड्याचा मुलगा एमआयडीसीत कामाला जातो. पायऱ्या मोजणारा डोळा त्याच्याबरोबर जातो. नदी तीच राहते. तिला वाचणारा माणूस मात्र जातो.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. पाणी तर पाणीच की!

कुंडलिकेवर त्याने जे पाहिले ते पाणी पावसाचे असले तरी बेभान नव्हते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेकडे खाली आणून भिरा येथे वीज तयार करतात. वीज करून झाली की तेच पाणी पुढे कुंडलिकेत येते. याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. ज्यांची भातशेते त्या धरणाखाली गेली त्यांचे पाणी आज कोलाडला सहलीच्या होड्या नाचवते, हेही होडीत बसताना आठवावे. मुद्दा असा की तिथे पाणी किती सुटणार, केव्हा सुटणार हे माणसाच्या हाती आहे. दगड कुठे आहेत, भोवरा कुठे आहे, हे रोज जाणाऱ्या मार्गदर्शकाला पाठ आहे. गोव्यात सत्तरीत म्हादईवर तर भर पावसाळ्यात राफ्टिंग चालते. तिथेही पाण्याची पातळी बघून त्या दिवशीचा निर्णय होतो.

या खेळातील लोक नदीला एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे सोपी, सहा म्हणजे जिथे जिवावर उदार होऊनच उतरायचे. पण ही श्रेणी नदीला कायमची चिकटलेली नसते. पाणी चढले की तीच नदी वरच्या श्रेणीत जाते. एरवी दगडामागे शांत पाण्याचा तुकडा असतो, तिथे होडी थांबवून दम खाता येतो. पाणी चढले की असे तुकडे बुडतात आणि थांबायला जागा उरत नाही. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे चाळीस टन. असे सात दरवाजे आहेत. आणि राधानगरी हे पंचगंगेला पाणी देणाऱ्या धरणांपैकी एक.

त्यात आमचा पूर पांढऱ्या पाण्याचा नाही, तांबड्या-काळ्या पाण्याचा आहे. त्याखाली काय आहे ते दिसत नाही. उसाचे फड उभेच्या उभे बुडालेले असतात. त्यात वल्हे अडकते, पाय अडकतात. शेताच्या कुंपणाच्या तारा असतात. बाभळीच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस निघत नाही. एरवी डोक्याच्या कितीतरी वर असलेल्या विजेच्या तारा होडीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी येतात.

आणि बंधारा. पाणी चढताना किंवा उतरताना बंधाऱ्याच्या माथ्यावरून वाहू लागते तेव्हा वरच्या अंगाने बघणाऱ्याला फक्त एक गुळगुळीत रेघ दिसते. पलीकडे पाणी खाली झेपावते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलटे फिरून पुन्हा बंधाऱ्याकडे येते. त्यात सापडलेला ओंडका तासन् तास तिथेच फिरत राहतो. माणूसही तसाच फिरतो. खांबांमधल्या गाळ्यांत सापडला तर पाणी त्याला तिथेच दाबून धरते. जगभरातील कयाकवाले अशा बुटक्या बंधाऱ्याला 'बुडवणारे यंत्र' म्हणतात. मोठ्या धबधब्यापेक्षा ते त्याला जास्त घाबरतात. कारण धबधबा आवाज करून सांगतो, बंधारा सांगत नाही. दरवर्षी आमच्या जिल्ह्यात बंधाऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून दुचाकी घालणारे तरुण असतात. रोजचा रस्ता आहे, फूटभर तर पाणी आहे, असे त्यांना वाटते. खवासपूरच्या बादशहालाही माण नदी अशीच रोजची वाटली होती.

कोल्हापूरचा पूर मोजतात तोही एका बंधाऱ्यावरच, राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०२१ च्या जुलैत ५६ च्या पुढे.

एक माणूस जास्त

४ ऑगस्ट २०१९, रविवार. शाळेला सुट्टी होती. शिरोळ तालुक्यातील माझी खाला एकटी होती. तिला कळंब्याला घेऊन यावे म्हणून मी गेलो. आठ दिवसांवर बकरी ईद होती. ती म्हणाली, दोन दिवस थांब, घर आवरते, मग जाऊ. त्या गावात पाऊस फारसा नव्हताच. शिरोळचा पूर असाच असतो. पाऊस गगनबावड्याला आणि राधानगरीला पडतो. गगनबावड्याला वर्षात पाच हजार मिलीमीटरहून अधिक पडतो, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण पाणी येऊन साठते ते इथेच. आभाळ कोरडे आणि दारात पाणी.

सोमवारी रस्ते बंद झाले. मंगळवारी पाणी गल्लीत आले. बुधवारी सकाळी आम्ही शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवर होतो, चार घरांची माणसे, दोन शेळ्या आणि एक आजारी म्हातारे गृहस्थ. दुपारी गावातील एक जुनी नाव आली. नावाडी साठीचा असेल. त्याने गच्चीकडे बघून बोटाने मोजले आणि म्हणाला, "आठ. बायका, पोरं आन् ह्ये आजारी बाबा. बाकीचे फुडच्या खेपेला."

आठ बसले. खाला राहिली. ती नववी होती. मी वरून ओरडलो, "अहो, म्हातारी बाई आहे, किती वजन तिचं? घ्या की तिला!"

"न्हाई, गुर्जी. एकबी जास्त न्हाई."

मग मी बोलू नये ते बोललो. नावेत जागा दिसते आहे, तुम्हाला माणुसकी आहे की नाही, असे काहीतरी. पैशाचेही बोललो असेन. तो रागावला नाही. वल्ह्याने भिंतीला रेटा देत एवढेच म्हणाला, "जागा हाय, पर पाणी न्हाई म्हनतंय. मी परत येतो म्हंजे येतो."

खाला माझा हात धरून म्हणाली, "जाने दे बेटा. उसकी नाव है, उसका हुकूम."

नाव दूर गेली तेव्हा मी बघितले. नावेची कड आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर होते. वळणावर धार लागली तेव्हा ते चार बोटांवर आले. मग पुन्हा वीतभर झाले. नववा माणूस त्या चार बोटांत बसला असता.

तो परत आला. अंधार पडता पडता आम्ही बाहेर पडलो. रात्री एका शाळेत आसरा मिळाला. तिथे मठातून आलेला भात आणि मशिदीतून आलेली दाल एकाच ओळीत वाढत होते. कुणी कुणाला काही विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी ८ ऑगस्टला बातमी आली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे तिच्यात बसली होती. दहापेक्षा जास्त जीव गेले, त्यांत बायका आणि लहान मुले. त्या होडीत बसलेल्यांना मी दोष देऊ शकत नाही. होडी चालवणाऱ्यांनाही देत नाही. तेही गावकरीच होते आणि गावासाठीच धडपडत होते. कडेवर मूल घेऊन काठावर उभ्या असलेल्या बाईला 'तू थांब' म्हणणे सोपे नाही. आदल्या दिवशी मीच एका माणसाला तसे म्हणू द्यायला तयार नव्हतो. ती बातमी वाचताना माझे हात थरथरत होते, कारण ब्रह्मनाळमध्ये काय झाले असेल ते मला कळत होते. काठावर माझ्यासारखे कितीतरी 'गुर्जी' ओरडत असतील.

हा प्रश्न फक्त आपल्या खेड्यांचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची मालवाहू जहाजे इतकी लादली जात की खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवले. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर एक रेघ काढणे सक्तीचे झाले. पाणी त्या रेघेच्या वर आले तर जहाज हलवायचे नाही. पण सुरुवातीला ती रेघ कुठे काढायची हे मालकावरच सोडले होते! ती पळवाट बंद व्हायला १८९० साल उजाडले. आमच्या नावाड्याच्या नावेवर रेघ नव्हती. ती त्याच्या डोळ्यात होती. आणि ती पुसायला मी गच्चीवरून जोर लावत होतो.

त्या पुरात एनडीआरएफ आणि नौदलाची पथके रबरी बोटी घेऊन आली, त्यांनी हजारो लोकांना बाहेर काढले. त्यांचे उपकार कोल्हापूर-सांगली विसरणार नाही. पण पथक यायला वेळ लागतो आणि बाहेरून आलेल्या जवानाला बुडालेली विहीर कुठे, तार कुठे, हे गावातल्या माणसानेच सांगावे लागते. १२ ऑगस्टला बकरी ईद आली. पाणी अजून पुरते उतरले नव्हते. आमच्या जिल्ह्यात अनेकांनी ईद साधेपणाने केली आणि खर्चाचा पैसा पूरग्रस्तांना दिला. २०२१ मध्ये २१ जुलैला ईद झाली आणि दोन दिवसांत पंचगंगेने २०१९ चाही आकडा ओलांडला. त्या वेळी मी आदल्या आठवड्यातच खालाला कळंब्याला आणले होते. ती म्हणाली, पाऊस तर नाही. मी म्हणालो, म्हणूनच.

कोरड्या दिवसांत

हजरत नूह यांची किश्ती मुलांना सांगताना मी एका गोष्टीवर थांबतो. ते होडी बांधत होते तेव्हा लोक हसत होते. कारण तेव्हा पूर नव्हता. होडी कोरड्या दिवसांतच बांधावी लागते आणि तेव्हा ती नेहमीच हास्यास्पद दिसते.

तेव्हा बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. कयाक जरूर घे. उन्हाळ्यात शिक. उलटी झालेली होडी बसल्या बसल्या सरळ कशी करायची, दोरी कशी फेकायची, लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, ते शिक. मग गावातल्या पोरांना शिकव, पोरींनाही. सांगलीकर कृष्णेत होड्यांच्या शर्यती लावतात, त्यात जाऊन वल्हे मारणाऱ्यांचे हात बघ. आपल्या गावात एखादा जुना नावाडी अजून असेल तर त्याच्याबरोबर घाटावर बस आणि तो पायऱ्या कशा मोजतो ते विचार. नदीखाली बंधारा कुठे आहे, तार कुठून गेली आहे, ते मे महिन्यात चालत जाऊन वहीत लिहून ठेव. पूर आला की तुझी गरज पडेल, पण शिवाजी पुलाखाली व्हिडिओसाठी नाही. गच्चीवर कुणीतरी वाट बघत असेल, तिथे.

आणि त्या दिवशी वरून कुणी शिकलेला माणूस ओरडून म्हणेल, "एक तर माणूस आहे, घ्या की." तेव्हा नाही म्हण. तो चिडेल, वाटेल ते बोलेल. बोलू दे. परत येतो म्हण, आणि परत ये.

खालाला सोडवणारा तो नावाडी मला नंतर एकदा शिरोळच्या बाजारात भेटला. मी माफी मागितली. त्याला ते काही आठवत नव्हते. म्हणाला, "गुर्जी, त्या दिवशी समदेच शिव्या देत हुते. कुनाकुनाचं ध्येनात ठिवू?" मग हसून त्याने विचारले, "म्हातारी बरी हाय न्हवं?"

बरी आहे, म्हटले.